दाण्या, मी आणि रोजची पंधरा मिनिटं

सोफ्याचा एक कोपरा, ऑफिसच्या सँडल्सचे दोन जोड, लॅपटॉपचा चार्जर आणि घरमालकांचा विश्वास. दाण्यानं पहिल्या दीड महिन्यात फस्त केलेल्या गोष्टींची ही यादी! यातल्या पहिल्या तीन पैसे टाकून परत आणता आल्या. चौथीसाठी मात्र चांगलाच घाम गाळावा लागला.

दाण्या म्हणजे अस्सल देशी गडी. रंग भाजलेल्या शेंगदाण्यासारखा, म्हणून दाण्या. आठ महिन्यांचा असताना मी त्याला रस्त्यावरून घरी आणलं, तेव्हा माझ्या मनातलं चित्र एकदम फिल्मी होतं. मी हिंजवडीहून दमूनभागून येणार, हा शेपटी हलवत दारात उभा असणार, मग आम्ही दोघं गॅलरीत बसून संध्याकाळ बघणार, वगैरे. प्रत्यक्षात काय? मी दार उघडलं की स्वारी पलंगाखाली. मी ऑफिसला निघाले की अख्ख्या बिल्डिंगला ऐकू जाईल असं रडणं. जेवणाच्या भांड्याजवळ हात नेला की गुरगुर. शेवटी घरमालक काकांचा फोन आलाच, ‘महिनाभर बघतो. मग एकतर तो जाईल, नाहीतर तुम्ही दोघंही!’

त्याच संध्याकाळी घरी आले, तर चार्जरच्या वायरचे तुकडे फरशीवर. डोकं सटकलं. पेपरची गुंडाळी केली आणि त्याला एक फटका दिला. फार लागलं नसेल, पण घाबरून त्यानं तिथेच शू केली. पुढचे दोन दिवस मी खोलीत शिरले की तो खोलीबाहेर. वरच्या फळीवरचा डबा काढायला मी नुसता हात वर केला, तरी तो अंग चोरायचा. त्या हाताची मला जितकी लाज वाटली, तितकी आजवर कशाचीच वाटली नसेल.

‘बॉस कोण’ हा प्रश्नच चुकीचा

आपल्या ऑफिसांमध्ये प्रत्येक जण श्वानतज्ज्ञ असतो, हे मला तेव्हा कळलं. ‘घरात अल्फा कोण ते त्याला दाखवून दे’ हा सगळ्यात लाडका सल्ला. ही अल्फाची भानगड आली कुठून, तर लांडग्यांवरून. रुडॉल्फ शेंकेल या अभ्यासकानं १९४७ साली कोंडून ठेवलेल्या लांडग्यांवरचं आपलं निरीक्षण प्रसिद्ध केलं. त्यात वर्चस्वासाठीच्या मारामाऱ्या होत्या. डेव्हिड मेक या अमेरिकन संशोधकाच्या १९७० सालच्या पुस्तकानं ही कल्पना घरोघरी पोचवली. पण गंमत बघा, याच मेकनं १९९९ मध्ये लिहिलं, की जंगलातला लांडग्यांचा कळप म्हणजे बहुतेक वेळा साधं कुटुंब असतं. आई-बाबा आणि पोरं! कोंडलेल्या लांडग्यांवरून घरातल्या कुत्र्याचा स्वभाव ठरवणं म्हणजे अप्रेझलच्या आठवड्यात ऑफिस बघून मनुष्यजातीबद्दल मत बनवण्यासारखं आहे.

मारून-ओरडून कुत्रा शिकत नाही असं नाही, पण त्याची किंमत तो मोजतो. पोर्तुगालमधल्या संशोधकांचा एक अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. ओरडणं, पट्टा झटकणं अशा शिक्षेच्या पद्धती वापरणाऱ्या ट्रेनिंग स्कूलमधल्या कुत्र्यांमध्ये ताणाची लक्षणं जास्त दिसली आणि त्यांच्या लाळेत ताणाचं कॉर्टिसॉल हे हार्मोनही जास्त वाढलं होतं. खाऊ आणि शाबासकीवर शिकणारी कुत्री तुलनेनं निवांत होती.

मी आधी डॉक्टर गाठले. काही दुखत-खुपत नाही ना, हे बघून घेतलं. मग एका ट्रेनर ताईंना बोलावलं. त्यांनी दहा मिनिटं आम्हा दोघांकडे नुसतं पाहिलं आणि म्हणाल्या, ‘तो तुला घाबरतोय आणि तू त्याला. दोघं मिळून जरा मजेचं काहीतरी करा की!’ होमवर्क एवढाच, की दिवसातून तीनदा पाच-पाच मिनिटं. सकाळी चहाआधी, घरी आल्यावर आणि झोपण्यापूर्वी. मोबाइल दुसऱ्या खोलीत.

नाव म्हणजे खाऊ

पहिला आठवडा कुठलीही ऑर्डर नाही. फक्त ‘दाण्या’ म्हणायचं आणि त्यानं बघितलं, की लगेच उकडलेल्या चिकनचा शेंगदाण्याएवढा तुकडा द्यायचा. लगेच म्हणजे लगेच! तुम्ही फ्रिज उघडून शोधाशोध करेपर्यंत तो दुसरीकडे बघत असतो आणि बक्षीस त्या दुसऱ्याच गोष्टीचं ठरतं. तोवर माझ्या तोंडी त्याचं नाव फक्त रागावताना यायचं, ‘दाण्याऽऽ, काय केलंस हे!’ बिचाऱ्याला आपलं नाव ही शिवीच वाटत असणार.

आठव्या दिवशी मी नाव घेतलं, तर तो पलंगाखालून बाहेर येऊन माझ्याकडे बघत उभा राहिला. कुत्रा आणि माणूस एकमेकांकडे प्रेमानं बराच वेळ बघतात, तेव्हा दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन वाढतं, असं जपानमधल्या संशोधकांना २०१५ मध्ये आढळलं. आई आणि तान्ह्या बाळाच्या नात्यातही हेच हार्मोन काम करतं. मात्र घाबरलेल्या किंवा अनोळखी कुत्र्याकडे रोखून बघू नका. त्याला ती धमकी वाटते.

‘बस’ आणि ‘बस झालं’

मग आले शब्द. ‘बस’, ‘थांब’, ‘ये’, ‘सोड’. कुत्र्याशी इंग्रजीतच बोलायला हवं, असं कुठे लिहिलंय? अट एकच. एका कृतीला एकच शब्द आणि घरातल्या सगळ्यांचा तोच. आमच्याकडे याचा वेगळाच घोळ झाला. आई साताऱ्याहून राहायला आली होती. फोनवर मावशीला ती तावातावानं म्हणाली, ‘बस झालं आता!’ आणि दाण्या शिस्तीत तिच्यासमोर बसला. कुत्रा पाळायला कडाडून विरोध करणारी आई त्या दिवशी विरघळली. ‘दत्तगुरूंच्या पायाशीही असतात हो चार’, असं म्हणत तिनं स्वतःच पनीरचा डबा उघडला.

हेल्मेटचं रहस्य

तो दारात मला बघून का पळतो, याचं उत्तरही ताईंनीच शोधलं. मी हेल्मेट घालूनच जिना चढायचे! पिल्लू साधारण तीन ते चौदा आठवड्यांचं असताना जे जे बघतं, त्याला ते सहसा पुढे बिचकत नाही. दाण्याच्या त्या दिवसांत बिनचेहऱ्याची गोल डोकी फारशी चांगली वागली नसावीत. मग हेल्मेट फरशीवर उलटं ठेवून त्यात चिकन टाकायला सुरुवात केली. पहिले दोन दिवस लांबूनच वास. तिसऱ्या दिवशी मान लांब करून एक तुकडा. पंधरवड्यात महाशय हेल्मेटमध्ये तोंड घालून बसलेले!

रस्सीखेच

जुन्या जीन्सची वेणी घातली आणि झालं खेळणं तयार. रस्सीखेच खेळून कुत्रा आक्रमक होतो, असं मलाही वाटायचं. इंग्लंडमध्ये साउदॅम्प्टनच्या संशोधकांनी गोल्डन रिट्रीव्हर कुत्र्यांशी रस्सीखेच खेळून पाहिली. कधी कुत्र्याला जिंकू दिलं, कधी नाही. २००२ साली त्यांनी निष्कर्ष मांडला, की जिंकल्यानं कुत्रा शिरजोर होत नाही. उलट खेळानंतर तो माणसाकडे जास्त लक्ष देतो. तेव्हा अधूनमधून हरा बिनधास्त!

खरी मजा ‘सोड’मध्ये आहे. सोडलं, की खाऊ मिळतो आणि लगेच ‘घे’ म्हणून खेळ पुन्हा सुरू होतो. म्हणजे सोडण्यात तोटा नाही, हे त्याला कळतं. भांड्यावरची गुरगुरही याच वाटेनं गेली. मी भांडं ओढून घेणं बंद केलं. तो जेवत असताना लांबून जाता जाता एक चांगला तुकडा टाकायचा आणि पुढे जायचं, एवढंच. पण कुत्रा चावायला धावत असेल, तर स्वतः प्रयोग न करता जाणकाराला बोलवा.

आणि ते रडणं?

खरं सांगते, एकटेपणाच्या भीतीवर नुसता खेळ पुरत नाही. मी दाराबाहेर पाच सेकंद जायचे आणि तो रडायच्या आत परत यायचे. मग दहा सेकंद, मग अर्धा मिनिट. मॅनेजरला सांगून आठवड्याचे दोन दिवस घरून काम मागून घेतलं. उरलेल्या दिवशी शेजारच्या मावशी दुपारी येऊन बसायच्या. काकांना हा सगळा प्लॅन कागदावर लिहून दाखवला आणि मुदत वाढवून घेतली. चार महिने लागले. आता काकाच पोळीचा तुकडा घेऊन येतात आणि दारातूनच ‘बस!’ म्हणतात.

सुरुवात करताय? मग एवढं करा

- पाच मिनिटांचा खेळ तो कंटाळायच्या आत थांबवा.
- पुढचे पाय टेकून पार्श्वभाग वर केला, तर ते खेळायचं आमंत्रण आहे. मान वळवली, जांभया दिल्या, ओठ चाटले, तर त्याला थोडा वेळ द्या.
- जुन्या टॉवेलच्या घड्यांत खाऊ लपवा. वासावरून शोधण्यात त्याची छान दमणूक होते.
- द्राक्षं, मनुका, चॉकलेट, कांदा-लसूण अजिबात नको.
- ‘ये’ म्हणून बोलावलं आणि तो आला, तर काहीही झालेलं असो, रागावू नका.

परवा गॅलरीत दोरीवरचे कपडे काढायला मी हात वर केला. दाण्या पायाशीच होता. सवयीनं मी थबकले आणि खाली पाहिलं. त्यानं अंग चोरलं नव्हतं. पुढचे पाय टेकून, शेपटी हलवत तो माझ्या हाताकडे बघत होता. त्याला वाटलं, आता जीन्सची वेणी येणार! कपडे राहिले दोरीवरच. पुढची पंधरा मिनिटं आम्ही दोघं बिझी होतो.