कॅलिपर बसविल्यानंतर: मुरुड परिसरातील आधारसाधनांचा मागोवा

शरीराचा एखादा अवयव जागेवर असूनही स्नायूंच्या दुर्बलतेमुळे, सांध्याच्या विकृतीमुळे किंवा मज्जातंतूंना झालेल्या इजेमुळे आपले काम करीत नाही, तेव्हा त्याला बाहेरून आधार देणारे किंवा योग्य स्थितीत धरून ठेवणारे जे साधन बसविले जाते, त्याला वैद्यकीय परिभाषेत ऑर्थोसिस म्हणतात. कृत्रिम पाय गेलेल्या अवयवाची जागा घेतो. ऑर्थोसिस असलेल्या अवयवाला कामाला लावते. पोलिओग्रस्ताच्या पायातील कॅलिपर, कमरेचा पट्टा, मानेची कॉलर, मनगटाचे स्प्लिंट, वाकड्या पावलांनी जन्मलेल्या बाळाचे दांडीचे बूट ही सारी याच कुळातली साधने होत. लातूर–बार्शी रस्त्यावरील मुरुड या बाजारगावाच्या आणि भोवतालच्या खेड्यांच्या दृष्टीने या साधनांचा गेल्या सत्तर-ऐंशी वर्षांचा प्रवास पाहिला, तर साधन मिळण्याची सोय हळूहळू होत गेली, पण ते अंगासरसे करून घेणे, ते घालून चालायला शिकणे आणि मोडल्यावर दुरुस्त करून घेणे यांची सोय फार मागे राहिली, असे स्पष्ट दिसते.

सप्टेंबर 1948 पर्यंत हा मुलूख हैदराबाद संस्थानात होता. 1956 मध्ये तो द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि लातूर हा स्वतंत्र जिल्हा होण्यास 1982 साल उजाडावे लागले. त्या काळात हाडांच्या व सांध्यांच्या उपचारांसाठी माणसाला लांबचा प्रवास करणे भागच होते. बार्शी लाइट रेल्वेचा अरुंद रुळमार्ग 1911 मध्ये लातूरला आणि 1927 मध्ये मिरजेला पोहोचल्यामुळे मिरजेचे 1894 पासूनचे मिशन रुग्णालय या भागाला गाडीने जोडले गेले, ही त्यातल्या त्यात मोठी सोय होती. अपंग सैनिकांसाठी 1917 मध्ये क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट आणि पुण्यात 1944 मध्ये कृत्रिम अवयव केंद्र सुरू झाले, परंतु दोन्हींचा जन्म महायुद्धांच्या गरजेतून झालेला होता. सामान्य घरातील मुलांसाठी निराळी वाट पाडली ती मुंबईत फातिमा इस्माईल यांनी. स्वतःच्या मुलीला पोलिओ झाल्यानंतर त्यांनी 1947 मध्ये अशा मुलांसाठी उपचारकेंद्र उघडले. पुढे 1955 मध्ये हाजी अलीला अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था उभी राहिली. मराठवाड्यातल्या शेतकऱ्याच्या घरापासून मात्र हाजी अली फार दूर होते.

या साऱ्या हकिकतीच्या केंद्रस्थानी दीर्घकाळ पोलिओ राहिला. पोलिओचा विषाणू मज्जारज्जूतील, स्नायूंना चालना देणाऱ्या पेशी नष्ट करतो. स्पर्शाची जाणीव मात्र शाबूत राहते. मांडीच्या पुढच्या बाजूचा स्नायू निकामी झाला की पावलागणिक गुडघा दुमडतो आणि मूल पडते. पडू नये म्हणून ते मांडीवर हात दाबून, गुडघा मागे रेटून, कमरेत वाकून चालू लागते. मांडीपासून पावलापर्यंतचा लांब कॅलिपर हाताचे हे काम स्वतःकडे घेतो. पायाच्या दोन्ही बाजूंना लोखंडाच्या किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्या, त्यांना जोडणारे चामड्याचे पट्टे, गुडघ्यावर कातडी टोपी आणि खाली टाचेत रिकीब बसविलेला बूट, अशी त्याची रचना असते. गुडघा सरळ केला की दोन्ही बाजूंच्या कड्या आपोआप खाली घसरून सांधा बंद होतो. बसताना त्या बोटांनी वर उचलाव्या लागतात. यामागचे तत्त्व तीन ठिकाणच्या दाबाचे आहे: दुमडू पाहणारा गुडघा पुढून मागे दाबायचा आणि त्याच्या वर व खाली मागच्या बाजूने प्रतिदाब द्यायचा. हा दाब जितक्या रुंद जागेवर पसरेल, तितका तो कातडीला सोसवतो.

कॅलिपर घालण्याआधी पाय सरळ असावा लागतो, ही अट कित्येकांच्या बाबतीत निर्णायक ठरली. आजारानंतर वर्षानुवर्षे सरपटणाऱ्या मुलाचे गुडघे आणि खुबे वाकलेल्या स्थितीतच आखडतात, स्नायू व कंडरा आखूड होतात आणि मग प्लास्टरने किंवा शस्त्रक्रियेने ते सोडविल्याशिवाय कोणतेही साधन बसत नाही. आजारानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत सांध्यांना रोज दिलेला व्यायाम आणि रात्री पाय सरळ ठेवणारे साधे स्प्लिंट एवढ्याने हे टळले असते. जेथे हे शिकविणारे कोणी पोहोचले नाही, तेथे मुलांचे पाय आखडले आणि त्यांचे आयुष्य जमिनीलगत गेले. भौतिकोपचारतज्ज्ञाचे, म्हणजे फिजिओथेरपिस्टचे, काम साधनाच्या कितीतरी आधी सुरू होते, हे यावरून कळते.

शिवाय बूट हा कॅलिपरचाच भाग होता, आणि या भागातील घरांत कोणी बूट घालून वावरत नाही. उंबऱ्याशी बूट काढला की आधारही निघत असे आणि रस्त्यावर उभे चालणारे मूल स्वयंपाकघरात पुन्हा सरपटू लागे. पावसाळ्यात काळ्या रानातला चिखल बुटाला चिकटून पाय जड होई, घामाने व ओलीने चामडे कुजे, रिबिटी सैल होत. मांडी घालून बसणे, उकिडवे बसणे, पंगतीत जेवणे यांपैकी कशाचाही विचार युरोपात घडलेल्या त्या आराखड्यात नव्हता. जयपूरला डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी 1960 च्या दशकाच्या अखेरीस घडविलेल्या कृत्रिम पायाने अनवाणी चालणे आणि उकिडवे बसणे शक्य केले, तेव्हा लोकांच्या राहणीला जुळते साधन तयार होऊ शकते हे सिद्ध झाले. युगांडात रोनाल्ड हक्स्टेप यांनीही स्थानिक कारागिरांना करता येतील असे स्वस्त कॅलिपर त्याच दशकात प्रचारात आणले होते.

साधनांच्या मोठ्या प्रमाणावरील उत्पादनासाठी केंद्र सरकारने 1972 मध्ये कानपूरला एलिम्को ही कंपनी स्थापन केली आणि 1981 पासून अपंगांना साधने खरेदीसाठी साहाय्य देणारी योजना लागू झाली. तेव्हापासून मोजमाप शिबिर आणि नंतरचे वाटप शिबिर हा क्रम खेड्यापाड्यांत परिचित झाला. या शिबिरांनी हजारो घरांत पहिले साधन नेले, हे त्यांचे श्रेय निःसंशय आहे. तथापि मोजमाप आणि वाटप यांच्या मधल्या काळात मूल वाढत राहते. वाढत्या वयात पायाची लांबी इतकी झपाट्याने बदलते की वर्ष-दीड वर्षापूर्वीच्या मापाचा सांधा गुडघ्याच्या खाली येतो, आणि सांधा जुळला नाही की प्रत्येक हालचालीत पट्टा कातडीला घासतो. जखम झाली की कॅलिपर खुंटीला लागतो. अशा वेळी मुलाचा हट्ट किंवा आईबापांची हयगय यांना दोष देणे अन्यायाचे आहे. चूक साधन देऊन थांबणाऱ्या पद्धतीची आहे.

लातूर जिल्ह्याच्या पुनर्वसनाच्या इतिहासात 30 सप्टेंबर 1993 ही तारीख वेगळी काढावी लागते. अनंत चतुर्दशीनंतरच्या त्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी किल्लारी-सास्तूर परिसरात भूकंप झाला, आणि मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती व जड माळवदे झोपलेल्या माणसांवर कोसळली. अशा ओझ्याखाली हातापायांप्रमाणे पाठीचे मणकेही मोडतात. मोडलेला मणका जुळेपर्यंत पाठ वाकू न देणारी टेलर ब्रेससारखी साधने हाडाचे रक्षण करतात. मज्जारज्जू तुटला असेल तर तो जोडण्याची शक्ती त्यांच्यात नसते. कमरेखालचे अंग लुळे पडलेल्या रुग्णाला दोन्ही पायांत लांब कॅलिपर देऊन उभे करता येते, पण येथे पोलिओहून एक मोठा फरक पडतो. या रुग्णाला स्पर्श कळत नाही, त्यामुळे पट्टा रुतल्याचे त्याला समजत नाही आणि न दुखणारी जखम हाडापर्यंत जाऊ शकते. म्हणून साधन काढल्यावर कातडी रोज आरशात पाहणे आणि लाली अर्ध्या तासात न ओसरल्यास साधन दुरुस्त होईपर्यंत न घालणे, हे शिकविणे उपचाराचाच भाग ठरते. कुष्ठरोग आणि मधुमेह यांनी पाय बधिर झालेल्यांनाही हाच नियम लागू पडतो.

दरम्यान साधनांचे द्रव्यही बदलले. पायाभोवती प्लास्टरची पट्टी गुंडाळून साचा घ्यायचा, त्यात प्लास्टर ओतून पायाची प्रतिकृती करायची, हाड वर आलेल्या जागी तीत थोडी भर घालायची आणि दाब सोसणाऱ्या जागी ती घासून कमी करायची. मग पॉलिप्रॉपिलीनचा पांढरट पत्रा भट्टीत काचेसारखा पारदर्शक होईपर्यंत तापवून तिच्यावर घालायचा आणि मधली हवा ओढून घ्यायची, अशी ही रीत आहे. पावलापासून पोटरीपर्यंतचे हे हलके कवच चपलेतही मावते, धुता येते आणि घरात काढावे लागत नाही. मेंदूच्या पक्षाघाताने, म्हणजे सेरेब्रल पाल्सीने, टाचा उचलून चालणाऱ्या मुलांना आणि अर्धांगवायूनंतर पाऊल लोंबकळणाऱ्या प्रौढांना त्याचा मोठा उपयोग झाला. लातूरजवळ हरंगुळला जनकल्याण समितीने सेरेब्रल पाल्सीच्या मुलांसाठी चालविलेल्या ‘संवेदना’ केंद्रामुळे अशा मुलांच्या पालकांना मुंबई-पुण्याऐवजी जिल्ह्यातच एक ठिकाण मिळाले.

नैसर्गिक पोलिओ विषाणूचा देशातील शेवटचा रुग्ण 13 जानेवारी 2011 रोजी आढळला आणि त्यानंतर लहान मुलांच्या साधनांमध्ये वाकड्या पावलांच्या बुटांना प्रमुख स्थान आले. अमेरिकेतील आयोवा येथील डॉ. इग्नासिओ पोनसेटी यांच्या पद्धतीत दर आठवड्याला पाऊल हाताने थोडे वळवून नवे प्लास्टर घालतात. पाच-सहा प्लास्टरांत पाऊल वळते, पुष्कळदा टाचेची कंडरा छोट्या छेदाने सैल करावी लागते. खरी कसोटी पुढे असते. दांडीने जोडलेले बूट पहिले तीन महिने दिवसातील सुमारे 23 तास आणि नंतर चार-पाच वर्षांचे होईपर्यंत झोपेत घालावे लागतात. पाऊल तर सरळ दिसते, बाळ बुटांमुळे रडते, घरातील वडीलधारी माणसे ते काढायला सांगतात, आणि बूट सुटले की पाऊल पुन्हा वळते. फेब्रुवारी 2013 मध्ये पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात या व्यंगाचा समावेश असल्यामुळे अंगणवाडी आणि शाळा तपासणाऱ्या पथकांना अशी मुले हेरता येतात. बूट टिकतात ते मात्र आईला त्यांचे कारण पटवून देणारे माणूस दर भेटीला हजर असेल तरच.

आज लातूरला वैद्यकीय आणि भौतिकोपचार महाविद्यालये आहेत, अंबाजोगाईचे शासकीय महाविद्यालय जवळ आहे आणि औषधाच्या दुकानात कमरेचे व गुडघ्याचे पट्टे लहान-मध्यम-मोठ्या मापांत मिळतात. कोणी न तपासता घेतलेला असा पट्टा वेदना थोडी कमी करील, पण व्यायामाची जागा घेणार नाही. साधन घडविणारे ऑर्थोटिस्ट हे 1992 च्या पुनर्वसन परिषद कायद्याने नोंदणीकृत व्यावसायिक ठरले, तरी ते शहरातच एकवटलेले आहेत. ज्यांना सत्तर-ऐंशीच्या दशकांत पोलिओ झाला, ती माणसे आता चाळिशी-पन्नाशीत आली आहेत. इतकी वर्षे जादा भार वाहिलेले त्यांचे चांगले स्नायूही आता थकू लागले आहेत आणि त्यांच्यापैकी कित्येकांना पुन्हा कॅलिपरची गरज भासते आहे. त्यांच्यासाठी आणि दांडीच्या बुटातील बाळांसाठी मुरुडच्या ग्रामीण रुग्णालयात महिन्यातून एक दिवस ऑर्थोटिस्ट, भौतिकोपचारतज्ज्ञ आणि चामडे-रिबिटींचे काम जाणणारा कारागीर एकत्र बसले, तर तुटलेल्या एका पट्ट्यासाठी दिवसाची मजुरी बुडवून शहर गाठण्याची वेळ कोणावर येणार नाही.