फैजपूरची मागणी आणि आपलं मत



यावल तालुक्यातलं फैजपूर म्हटलं की आपल्याला केळीच्या बागा आठवतात. पण २७ आणि २८ डिसेंबर १९३६ रोजी तिथे काँग्रेसचं अधिवेशन भरलं. खेड्यात भरलेलं हे पहिलंच अधिवेशन. अध्यक्ष पंडित नेहरू. गांधीजीही आले होते. धनाजी नाना चौधरी आणि साने गुरुजी यांनी त्यासाठी जिवाचं रान केलं. चित्रकार नंदलाल बोस यांनी बांबूसारख्या साध्या, गावच्या वस्तूंनी ‘टिळकनगर’ सजवलं.

या अधिवेशनात शेतसारा, कर्ज, मजुरी यांवर ठराव झाले. त्यांच्याइतकीच मोठी होती आणखी एक मागणी. इंग्रजांनी १९३५ साली कायदा करून निवडणुका ठरवल्या होत्या, पण मत कोणाला? ज्याच्याकडे जमीनजुमला किंवा शिक्षण, त्याला. बाईला बहुधा नवऱ्याच्या मालमत्तेवर मत मिळे. शेतात राबणाऱ्या बहुतेक बायांना मतच नव्हतं. फैजपूरने सांगितलं: हा कायदा आम्हाला मान्य नाही. देशाची घटना आमचीच माणसं लिहितील, आणि त्यांना प्रत्येक सज्ञान स्त्री-पुरुष निवडून देईल.

पुढे १९४६ मध्ये घटना समिती बसली. तिचे सभासद प्रांतांच्या आमदारांनी निवडले, म्हणजे मागणी अर्धीच पुरी झाली. पण २६ जानेवारी १९५० ला लागू झालेल्या घटनेने प्रत्येक सज्ञान नागरिकाला मत दिलं. शिक्षणाची अट नाही, सातबाऱ्याची नाही, नवऱ्याची तर नाहीच.

तरी एक अडचण उरली. पहिल्या निवडणुकीची यादी करताना देशात कितीतरी बायांनी आपलं नावच सांगितलं नाही. ‘अमक्याची आई’, ‘तमक्याची बायको’ एवढंच सांगितलं. निवडणूक आयोगाने अशा नोंदी नाकारल्या आणि सुमारे २८ लाख बायांची नावं यादीतून गळाली. हक्क हाती आला होता, नावाअभावी निसटला.

आजही लग्न होऊन सासरी आलेल्या लेकीचं नाव माहेरच्याच यादीत राहतं. तेव्हा गावातल्या बीएलओंकडे जा, यादी बघा. पत्ता बदलायचा किंवा नाव दुरुस्त करायचं तर फॉर्म ८, नवीन नाव घालायचं तर फॉर्म ६. घरातल्या सुनेलाही सोबत न्या.

फैजपुरात मागितलेलं मत आपल्या नावानं यादीत असू द्या.