कवटीची स्वच्छता आणि शुभ्रता

उत्खननात सापडलेले हाड कोणत्या प्राण्याचे, हे ठरविण्यासाठी ते ज्ञात प्राण्याच्या हाडाशी ताडून पाहावे लागते. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात इनामगाव येथे केलेल्या उत्खननात गुरांची व शेळ्यामेंढ्यांची हाडे मिळाली. शेळी आणि मेंढी यांतील भेद पुष्कळदा सूक्ष्म खुणांवरच अवलंबून असतो. तुलनेच्या नमुन्यावरील या खुणा साफसफाईत पुसल्या गेल्या, तर तो नमुना कितीही शुभ्र असला तरी निरुपयोगी होय.

घाटाखालील कर्जत-खालापूर भागात शेळीची कवटी मिळणे अवघड नाही. ती स्वच्छ करण्याचे दोन मार्ग आहेत : शिजविणे आणि कुजविणे. भाषेत पहिला शब्द सोज्ज्वळ, दुसरा ओंगळ. हाडाचे हित मात्र दुसऱ्यातच आहे. हाडाच्या वजनाचा सुमारे दोन-तृतीयांश भाग खनिज असून उरलेल्यात मुख्यत्वे कोलॅजेन हे प्रथिन असते. उकळल्याने या प्रथिनाचा सरस होतो, चरबी हाडात मुरते आणि दातांना तडे जातात.

कुजविण्यासाठी कवटी झाकणाच्या बादलीत साध्या पाण्यात बुडवून ठेवावी. मांस सुटविण्याचे काम जिवाणू करतात व उष्ण हवेत ते त्वरेने होते. पाणी अधूनमधून थोडे बदलावे. ते विहिरीपासून व ओढ्यापासून दूर, खड्ड्यात ओतावे. ओतताना गाळणी धरावी, म्हणजे सुटे दात हरवत नाहीत. शिंगाचे कवच या क्रियेत सैल होते. ते वेगळे काढून ठेवावे. नंतर साबणाच्या कोमट पाण्यात चरबी उतरेपर्यंत कवटी भिजत ठेवावी आणि सावलीत वाळवावी. कोकणच्या पावसाळ्यात हाड नीट वाळत नाही, बुरशी धरते. म्हणून हे काम पावसाळा सरल्यावर हाती घेणे बरे.

शुभ्रता आणावयाचीच असेल, तर औषधांच्या दुकानात मिळणारे ३ टक्क्यांचे हायड्रोजन पेरॉक्साइड पुरे. कपडे पांढरे करणारे क्लोरीनयुक्त द्रावण मात्र सर्वथा वर्ज्य. ते कोलॅजेनच नष्ट करते आणि कालांतराने हाड खडूसारखे भुरभुरते.

एक मर्यादा ध्यानी ठेवावी. माथेरान वा भीमाशंकरच्या रानात मृत सापडलेला वन्य प्राणी १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार सरकारची मालमत्ता ठरतो. त्याची कवटी परवानगीविना उचलू नये.

निरोगी हाडाचा नैसर्गिक वर्ण किंचित पिवळसरच असतो. अभ्यासकाने तो दोष मानू नये. नमुन्याची योग्यता रंगावर नव्हे, तर त्यावर शाबूत राहिलेल्या खुणांवर ठरते.