खोली असलेला कागद

झेडब्रश हे डिजिटल शिल्पकामाचं सॉफ्टवेअर पहिल्यांदा उघडणारे बरेच जण एकाच ठिकाणी अडतात. मॉडेल ओढून पडद्यावर आणलं, आता फिरवून बघू म्हणून पेन टेकवावं, तर मॉडेल जागचं हलत नाही. शेजारी दुसरं उमटतं, मग तिसरं. ब्लेंडरसारख्या त्रिमितीय सॉफ्टवेअरमधून आलेला माणूस तर चक्रावूनच जातो. तिथल्या व्ह्यूपोर्टमधून आपण त्रिमितीय जागेत डोकावत असतो. इथे समोर कॅनव्हास असतो, आणि कॅनव्हासवर रंगवायचं असतं.

ओफर अलोन आणि जॅक रिमोख यांच्या पिक्सोलॉजिकने १९९९ साली सिग्राफ या संगणकीय ग्राफिक्सच्या परिषदेत हे सॉफ्टवेअर दाखवलं, तेव्हा त्याचा भर चित्रावरच होता. पण ते चित्र विलक्षण होतं. त्यातल्या प्रत्येक ठिपक्यात, म्हणजे पिक्सॉलमध्ये, रंगासोबत खोली, पृष्ठभागाची दिशा आणि मटेरियलही नोंदलेलं असतं. त्यामुळे कॅनव्हासवर आधीच उमटलेल्या आकारावरचा प्रकाश नंतर हलवला, तरी छटा बदलतात. मागची बाजू मात्र त्यात नसतेच. मग तो आकार फिरणार कसा? मला ही कल्पना आजही फार देखणी वाटते.

शिल्प घडवायचं तर मॉडेल ओढल्याबरोबर एडिट चालू करायचं. टी दाबलं की झालं. मग ते हवं तसं फिरतं, कोरता येतं. एडिट बंद करून पुन्हा ओढलं, की आधीचं पिक्सॉल होऊन कॅनव्हासला चिकटतं. अशा वेळी घाबरू नये. मूळ मॉडेल टूल पॅलेटमध्ये सुखरूप असतं. कंट्रोल आणि एन दाबून कॅनव्हास पुसावा, मॉडेल पुन्हा ओढावं, लगेच टी.

झूम आणि स्केल यांतही असाच घोळ होतो. झूम केलं की कॅनव्हासच मोठा होतो आणि ठिपके डोळ्यांत खुपू लागतात. स्केल केलं की मॉडेल मोठं होतं, कॅनव्हास होता तसाच राहतो. कडा दातेरी दिसत असतील तर मोठा कॅनव्हास घेऊन एएहाफ हे बटण दाबावं: तो निम्म्या आकारात दिसतो आणि कडा मऊ होतात.

हे सगळं रेखाटण्याचं काम ग्राफिक्स कार्डाकडे न देता प्रोसेसरच करतो. लक्षावधी बहुभुजांचं मॉडेल साध्या संगणकावरही कोरता येई, ते याच बळावर. बहुस्तरीय डिजिटल शिल्पकामाच्या या साधनासाठी अलोन यांना २०१४ साली ऑस्करच्या अकादमीचा तांत्रिक पुरस्कार मिळाला.

काम जतन करताना तेवढं बघावं: डॉक्युमेंट सेव्ह केलं तर कॅनव्हासवरचं चित्रच हाती लागतं. शिल्प हवं असेल तर टूल सेव्ह करायचं.