चूक सुधारणाऱ्या न्यायालयाचा मान

22 जुलै 1908 रोजी मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती दिनशा दावर यांनी लोकमान्य टिळकांना राजद्रोहाबद्दल सहा वर्षांची शिक्षा सुनावली. नऊपैकी सात ज्युरींनी टिळकांना दोषी ठरवले होते. निकाल कायद्याला धरून होता आणि त्यामागे सरकारचे सगळे बळ उभे होते. लोकांनी मात्र तो मनाने मान्य केला नाही. मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला. पुढे 1916 मध्ये याच न्यायालयाने टिळकांकडून मागितलेला जामीन रद्द ठरवला. 1956 मध्ये मुख्य न्यायाधीश एम. सी. छागला यांनी तर ज्युरीच्या निर्णयानंतर टिळकांनी काढलेले उद्गार कोरून त्याच दालनाबाहेर लावले. आपल्याच न्यायालयाने दोषी ठरवलेल्या माणसाचे शब्द भिंतीवर मिरवल्याने न्यायालयाची प्रतिष्ठा तसूभरही कमी झाली नाही. ती वाढलीच, असे माझे ठाम मत आहे.

न्यायालयेच आपल्या चुका मान्य करू लागली तर निकालाचा धाक राहील का, असा आक्षेप घेतला जातो. तो उडवून लावण्यासारखा नाही, कारण न्यायाधीशाच्या हाती ना तिजोरी असते ना फौज. लोकांनी निकाल पाळला तरच त्याच्या शब्दाला अर्थ. पण आदेश मोडणे वेगळे आणि निकालावर टीका करणे वेगळे. आदेश मोडणाऱ्याला शिक्षा हवीच. टीकाकाराला अवमानाच्या कायद्याने गप्प करता येते, त्याचा विश्वास मात्र तसा मिळवता येत नाही. अवमानाच्या खटल्यात सत्य हा बचाव मानण्याची तरतूद आपल्या कायद्यात 2006 मध्ये आली. ती फार आधी यायला हवी होती.

आणीबाणीत, 28 एप्रिल 1976 रोजी, सर्वोच्च न्यायालयाच्या पाचपैकी चार न्यायमूर्तींनी स्थानबद्धांना सुटकेसाठी न्यायालयाचे दार ठोठावता येणार नाही, असा निकाल दिला. न्या. ह. रा. खन्ना एकटे विरोधात गेले. पुढच्याच वर्षी त्यांना डावलून कनिष्ठ न्यायमूर्तींना सरन्यायाधीश केले गेले आणि खन्नांनी राजीनामा दिला. आज त्या पाचांपैकी आदराने घेतले जाते ते खन्नांचेच नाव. 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बहुमताचा निकाल रद्दबातल ठरवला. तुरुंगात खितपत पडलेल्यांना याचा काय उपयोग, हा प्रश्न रास्तच आहे आणि त्याला समाधानकारक उत्तर नाही. पण खन्नांनी आपली कारणे सविस्तर लिहून ठेवली होती, म्हणूनच चार दशकांनंतरही चूक नेमकी कुठे झाली हे दाखवता आले.

सर्वोच्च न्यायालयाचे अनेक निकाल आता मराठीतही मिळतात. एखाद्या निकालावर मत बनवण्याआधी त्यातली कारणे वाचा, आणि ती पटली नाहीत तर तसे निर्भयपणे सांगा.