घोड्याचे पाणी : बर्फात आणि वाळवंटात

थंड देशांत हिवाळ्यात घोडे पाळणाऱ्याला पहाटे उठून हौदावरचा बर्फ फोडावा लागतो. आपल्या मॉरिशसमध्ये शाँ-द-मार्सवर १८१२ साली घोड्यांच्या शर्यती सुरू झाल्या, पण ही अडचण येथे कोणाला आली नाही. संयुक्त अरब अमिरातीतील अल ऐन येथेही ती नाही. तेथे काळजी उलटी, उन्हाची.

घोडा दिवसाला साधारण २५ ते ४५ लिटर पाणी पितो. उन्हाळ्यात याहून पुष्कळ अधिक. पाणी बर्फगार झाले, किंवा तापून शेवाळले, की तो कमी पितो. मग कोरडा चारा आतड्यात अडकतो, पोटशूळ उठतो आणि धडधाकट जनावर प्राणाला मुकू शकते.

दोन्हीकडे आधार एकच, जमिनीचा. वर ऋतू बदलले तरी खोलवर ऊन-गारठा फारसा पोहोचत नाही. म्हणून थंड मुलखात पाण्याचे नळ खोल पुरतात. अल ऐनच्या लोकांनी तर सुमारे ३००० वर्षांपूर्वीच भूगर्भातले पाणी भुयारी पाटांनी वस्तीत आणले. त्या पाटाला ‘फलज’ म्हणतात. तेथील मरूद्याने व प्राचीन स्थळे युनेस्कोने २०११ साली जागतिक वारसा यादीत घेतली. ‘ऐन’ म्हणजेच झरा!

आपल्या दारी घोडा नसेल, गाय-बकरी असेल. तरी हौद सावलीत ठेवावा, रोज घासावा आणि दिवसातून दोनदा पाण्यात हात घालून पाहावा. मुके जनावर तहान बोलून दाखवत नाही.