उभारी कोठून येते?

दहावीचा निकाल लागावा, अपेक्षेपेक्षा दहा-बारा टक्के कमी पडावेत आणि मुलाने खोलीचे दार लावून घ्यावे, की घरातील वडीलधाऱ्यांत तत्काळ दोन पक्ष पडतात. एक पक्ष गुणपडताळणीच्या अर्जाची आणि ओळखीच्या संस्थाचालकांकडे शब्द टाकण्याची तजवीज करू लागतो. दुसरा पक्ष, आपल्या वेळी असले लाड नव्हते, चार टक्केटोणपे खाल्ले की पोरे आपोआप सुधारतात, असा निर्वाळा देऊन मोकळा होतो. दोघांच्याही हेतूविषयी संशय घेण्याचे कारण नाही. परंतु संकटातून सावरण्याचे सामर्थ्य मुलाच्या अंगी कसे येते, याचा शोध ज्यांनी धीराने घेतला, त्यांची साक्ष या दोहोंपैकी एकाही पक्षाला अनुकूल नाही.

हवाई द्वीपसमूहातील काउआई या बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा, ती चाळिशीला पोचेपर्यंत, एमी वर्नर आणि रूथ स्मिथ या विदुषींनी सातत्याने मागोवा घेतला. दारिद्र्य, जन्मकाळची गुंतागुंत, घरातील कलह, पालकाचे व्यसन अथवा मानसिक आजार अशा अनेक आपत्ती ज्यांच्या वाट्याला एकदम आल्या, त्या मुलांपैकी सुमारे एकतृतीयांश मुले कर्तबगार, आत्मविश्वासयुक्त आणि स्नेहशील निघाली. ही मुले जात्याच कणखर होती असे म्हणून विषय संपवता आला असता. पण त्यांचे स्वभावगुण जमेस धरूनही एक गोष्ट पुनःपुन्हा आढळली, ती अशी की त्यांच्या आयुष्यात निरपेक्ष माया करणारे एखादे तरी खात्रीचे माणूस होते. ते आईवडीलच असत असे नाही; कोठे आजी होती, कोठे मावशी, कोठे शिक्षक. शिवाय यांतील पुष्कळ मुलांवर धाकट्या भावंडांना सांभाळण्याची किंवा घरकामाची जबाबदारी होती, आणि आपल्यावाचून कोणाचे तरी अडते ही जाणीव त्यांना आधार देत होती.

आपल्याकडील मध्यमवर्गीय घरांत मायेचा तुटवडा सहसा नसतो. तुटवडा असतो तो जबाबदारीचा. प्रयोगवही घरी विसरली म्हणून मुलीचा फोन येताच आई हातातले काम टाकून स्कूटर काढते आणि शाळेच्या फाटकाशी वही पोचवते. या धावपळीत वात्सल्य आहे यात शंका नाही. परंतु बाईंसमोर उभे राहून आपली चूक कबूल करणे, बोलणी ऐकून घेणे आणि दुसऱ्या दिवशी वही दाखवण्याची परवानगी मागणे, हा सारा अभ्यास त्या मुलीच्या हातून निसटतो. संध्याकाळी घरी आल्यावर तिला टोमणे न मारता तिची हकीकत ऐकून घ्यावी, आणि परवानगी कशी मागायची ते तिचे तिलाच ठरवू द्यावे, एवढेच पालकाचे काम.

कुमारवयात भावनांचा वेग आधी वाढतो, आणि त्यांवर लगाम ठेवणारा, कपाळामागील मेंदूचा भाग पंचविशीच्या आसपास परिपक्व होतो. त्यामुळे दार आपटून गेलेल्या मुलाला त्याच क्षणी उपदेश करण्यात हशील नाही. आवेग ओसरल्यावर मात्र त्याच्या विचारांची रुजवात घालता येते. अल्बर्ट एलिस यांनी प्रवर्तित केलेल्या आणि कि. मो. फडके यांनी मराठी वाचकांना सुबोध करून सांगितलेल्या विवेकनिष्ठ मानसोपचाराचा गाभा असा, की प्रसंगापेक्षा प्रसंगाविषयीची आपली समजूतच आपल्याला अधिक छळते. ‘गणितात नापास झालो’ ही वस्तुस्थिती. ‘मी कशाच्याच लायकीचा नाही’ हा त्यावरून काढलेला निष्कर्ष, आणि त्याला पुरावा काय, हे मुलाला शांतपणे विचारता येते. फेरपरीक्षेची तारीख कधी, कोणती प्रकरणे कच्ची राहिली, मदत कोणाची घ्यायची, हा तपशील त्याने आपल्या हाताने कागदावर उतरवला, की दुःख नाहीसे झाले नाही तरी त्याला कामाची दिशा मिळते.

मात्र प्रत्येक उदासी अशी घरच्या घरी निवारण्याजोगी नसते. दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप आणि भूक बिघडलेली, मित्रमंडळी तुटलेली, आवडत्या गोष्टींतला रस आटलेला दिसल्यास तज्ज्ञाकडे जाण्यात दिरंगाई करू नये. आणि जगण्याचा कंटाळा मुलाने बोलून दाखवलाच, तर तो थट्टेवारी न नेता त्याच दिवशी मदत घ्यावी. केंद्र सरकारच्या ‘टेलि-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक अहोरात्र उपलब्ध असतो.

काउआईच्या अभ्यासातील आणखी एक निष्कर्ष पालकांनी विशेष ध्यानी धरावा. कुमारवयात ज्यांचे पाऊल वाकडे पडले होते, त्यांच्यापैकी बहुतेकजण तिशी-चाळिशीपर्यंत पुढील शिक्षण, नोकरी, अनुरूप जोडीदार अशा एखाद्या दुसऱ्या संधीच्या बळावर मार्गी लागले. सोळाव्या वर्षी मुलाविषयी अंतिम निवाडा देण्याचा अधिकार म्हणूनच कोणालाही नाही, त्याच्या आईवडिलांना तर नाहीच. ती दुसरी संधी येईल तेव्हा ती घेण्याइतका स्वतःवरचा भरवसा त्याच्यापाशी शिल्लक राहावा, एवढी काळजी त्यांनी वाहिली तरी पुष्कळ झाले.